पोलीस ठाण्यात भरणारा वर्ग

नवऱ्याने मारलं म्हणून बाई पोलीस ठाण्यात गेली, की ठरलेलं उत्तर मिळायचं: घरचा मामला आहे, घरीच मिटवा. फारच लावून धरलं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, व्हायची आणि बाई पुन्हा त्याच घरात परतायची. १९८३ साली नवरा आणि सासरच्यांकडून होणारा छळ हा गुन्हा ठरवणारं ४९८ अ हे कलम भारतीय दंड विधानात आलं. ठाण्यातला अंमलदार मात्र जुनाच होता. १९८४मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘टिस’ने, मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच आपलं टेबल मांडलं आणि तिथे समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या बसवल्या. महिला व मुलांसाठीचा हा विशेष कक्ष बोलताना ‘स्पेशल सेल’ झाला.

यात मोठा व्यवहारी शहाणपणा होता. कार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत बसते, पण ती पोलीस नाही. बाईचं म्हणणं ती मध्ये न तोडता ऐकते, अर्ज लिहायला मदत करते, सासरच्यांना बोलावून घेते, त्यांनी अडकवून ठेवलेलं स्त्रीधन सोडवते आणि गुन्हा नोंदवून घेतला जात नसेल तर पाठपुरावा करते. एखाद्या संस्थेच्या पत्राला केराची टोपली दाखवणारं सासर आयुक्तालयातून निरोप आला की वेळेवर हजर होतं! समुपदेशन म्हणजे तडजोड नव्हे, हा इथला पहिला धडा. पुढे, २००५च्या सुमारास, राज्य सरकारने या कक्षांची जबाबदारी उचलली आणि ते मुंबईबाहेर जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले.

लोकांमध्ये जाऊन काम करण्याची ही सवय टिसला जन्मापासूनची. १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने ही शाळा उघडली ती नागपाड्याच्या कामगार वस्तीत. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे आधीपासून वस्तीत काम करत होते, तेच पहिले संचालक झाले. देवनारची हिरवीगार वास्तू आणि १९६४चा अभिमत विद्यापीठाचा दर्जा हे सगळं नंतरचं. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला फील्डवर्क आजही चुकत नाही.

या फील्डवर्कची खरी कसोटी तुरुंगात लागते. १९९०मध्ये सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प कच्च्या कैद्यांसोबत काम करतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २१, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, वर्गात पाठ होतो. पण न्यायालयाने जामीन मंजूर करूनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो, हे मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगाच्या बराकीत गेल्यावर कळतं. घरच्यांना आपला माणूस कुठे आहे याचा पत्ता नसतो, वकील कोण हे कैद्याला ठाऊक नसतं. मग गावी निरोप धाडायचा, कागदपत्रं जमवायची, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील गाठायचा, जातमुचलक्यावर सुटका व्हावी म्हणून अर्ज करायचा. सुटून आलेल्याला काम कोण देणार, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि बहुतेकदा जास्त अवघड.

१०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचा जन्मही टिसमधलाच. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६मध्ये मुंबईत चाइल्डलाइन सुरू केली आणि ‘दस नौ आठ’ हा उच्चार देशभर पोहोचला. २०२३पासून ही हेल्पलाइन सरकारी यंत्रणेकडे गेली आणि पोलिसांसह सर्व आपत्कालीन सेवांच्या ११२ या क्रमांकाशी जोडली गेली. प्रकल्प सरकारने स्वीकारावा हे टिसचं जुनं ध्येय, हे मान्य. पण स्पेशल सेल सरकारी झाला तरी टेबलामागे कार्यकर्तीच राहिली. पोलिसांना घाबरणाऱ्या पोरासाठी फोनच्या पलीकडचा आवाज कुणाचा आहे, याला फार महत्त्व असतं. हस्तांतर करताना नेमकी हीच गोष्ट जपायला हवी.

सरकारशी जवळीक ठेवली की जीभ जड होते, असा आक्षेप अशा कामावर नेहमी घेतला जातो. त्याला बिहारने उत्तर दिलं. बेघर आणि भिक्षेकऱ्यांसाठी २००६पासून काम करणाऱ्या टिसच्या ‘कोशिश’ गटाला बिहार सरकारनेच निवारागृहांचं सामाजिक अंकेक्षण करायला सांगितलं होतं. गटाने फक्त रजिस्टरं तपासली नाहीत, तर मुलामुलींशी बोलून घेतलं. २०१८मध्ये सादर झालेल्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार उजेडात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवालात ठपका असलेल्या इतर १६ निवारागृहांचा तपासही सीबीआयकडे सोपवला. जानेवारी २०२०मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुझफ्फरपूर प्रकरणात ते बालिकागृह चालवणाऱ्या ब्रजेश ठाकूरसह १९ जणांना दोषी ठरवलं.