सामायिक जोडणीवरील गेम सर्व्हर

सामायिक जोडणीवरील गेम सर्व्हर म्हणजे एकच इंटरनेट जोडणी अनेक उपकरणांनी वाटून घेतलेल्या ठिकाणी, त्यांपैकी एका संगणकावर चालवलेला बहुखेळाडू खेळाचा सर्व्हर होय. घरातील राउटर, संगणकाची 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' सुविधा, मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा यूएसबी टेदरिंग यांपैकी कोणत्याही मार्गाने जोडणी वाटली जाऊ शकते. अशा जोडणीवरून बाहेरच्या सर्व्हरवर खेळणे सहज शक्य असते. मात्र बाहेरच्या खेळाडूंना आपल्या संगणकापर्यंत येऊ देण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. या विषमतेचे कारण आयपी पत्त्यांच्या वाटपात आहे.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (नवे नाव राजगड) यांसारख्या डोंगराळ तालुक्यांच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. जिथे तारेची जोडणी पोहोचलेली नसते, तिथे मोबाइलची जोडणी हाच इंटरनेटचा मार्ग उरतो आणि ती बहुधा घरातील सर्वांत वाटली जाते.

पार्श्वभूमी

इंटरनेटवर आजही मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या आयपीव्ही४ या नियमावलीचे प्रमाण १९८१ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. हे पत्ते अपुरे पडणार हे ओळखून १९९४ साली नेटवर्क पत्ता रूपांतरणाची, म्हणजेच 'नॅट'ची पद्धत मांडली गेली. १९९६ साली खासगी वापरासाठी तीन पत्तामालिका निश्चित झाल्या. त्या अनुक्रमे १०.०.०.०, १७२.१६.०.० आणि १९२.१६८.०.० यांपासून सुरू होतात. या मालिकांतील पत्ते कोणत्याही घरात किंवा कार्यालयात वापरता येतात, परंतु सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना अर्थ नसतो.

भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. घरातील एका संगणकाची जोडणी दुसऱ्याला देण्याची सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत १९९९ साली आली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागात उरलेल्या पत्त्यांचे काटकसरीने वाटप सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतातील मोबाइल इंटरनेटचा वापर झपाट्याने वाढला. अर्थात हा विस्तार झाला तेव्हा प्रत्येक ग्राहकाला देण्याइतके स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ते शिल्लक नव्हते.

नॅटची कार्यपद्धती

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहतात आणि वाड्याचा टपाल पत्ता एकच आहे, अशी कल्पना केल्यास नॅटचे काम समजते. एखाद्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र पाठवले की दरवाज्यावरील कारकून त्याची नोंद करतो आणि उत्तर आल्यावर नोंद पाहून ते योग्य बिऱ्हाडाकडे पोहोचवतो. मात्र आधी कोणीही पत्र पाठवलेले नसताना केवळ वाड्याच्या पत्त्यावर एखादे पत्र आले, तर ते कोणाचे हे त्याला ठरवता येत नाही आणि ते परत जाते.

राउटर नेमके हेच करतो. घरातील संगणकाने बाहेर पाठवलेल्या प्रत्येक जोडणीसाठी तो खासगी पत्ता, सार्वजनिक पत्ता आणि पोर्ट क्रमांक यांची नोंद ठेवतो. पोर्ट क्रमांक ० ते ६५,५३५ या दरम्यान असतो आणि एकाच संगणकावरील निरनिराळ्या सेवा त्यावरून ओळखल्या जातात. खेळाडू दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो तेव्हा पहिले पाऊल त्याच्या बाजूने पडते, त्यामुळे नोंद आपोआप होते. सर्व्हर चालवणाऱ्याकडे मात्र पहिले पाऊल बाहेरून पडते. नोंद नसल्यामुळे राउटर ती विनंती टाकून देतो.

सर्व्हरची मांडणी

पहिला प्रश्न सर्व्हर नेमका कोणत्या संगणकावर आहे, हा असतो.

जो संगणक स्वतः जोडणी घेऊन इतरांना वाटतो, त्याच्यावरच सर्व्हर असेल आणि त्याला सार्वजनिक पत्ता मिळालेला असेल, तर पोर्ट वळवण्याची गरज नसते. केवळ फायरवॉलमध्ये संबंधित पोर्टला परवानगी द्यावी लागते. सर्व्हर त्याच्यामागील संगणकावर असेल, तर वाटप करणाऱ्या संगणकावर तसा नियम लिहावा लागतो. विंडोजमध्ये ही सोय जोडणी वाटपाच्या सेटिंगमधील 'सर्व्हिसेस' या विभागात असते. विंडोज ७ आणि पुढील आवृत्त्यांत वाटप करणारा संगणक सामान्यतः स्वतःकडे १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो.

घरात राउटर असल्यास 'पोर्ट फॉरवर्डिंग'चा नियम राउटरवर लिहिला जातो. 'अमुक पोर्टवर आलेली प्रत्येक विनंती तमुक खासगी पत्त्याकडे पाठवावी' असा त्याचा आशय असतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी टीसीपी २५५६५, बेडरॉक आवृत्तीसाठी यूडीपी १९१३२, काउंटर-स्ट्राइकसाठी यूडीपी २७०१५ आणि लुआंटी या मुक्त खेळासाठी यूडीपी ३०००० हे प्रचलित पोर्ट आहेत. टीसीपीऐवजी यूडीपी निवडल्यास किंवा उलट केल्यास नियम निरुपयोगी ठरतो. सर्व्हरच्या संगणकाचा खासगी पत्ता बदलू नये म्हणून तो राउटरवर राखून ठेवणेही आवश्यक असते.

राउटरमागे पुन्हा जोडणी वाटणारा संगणक असल्यास नॅट दोनदा होते. अशा वेळी दोन्ही ठिकाणी नियम लिहावे लागतात. मोबाइल हॉटस्पॉटमध्ये सामान्यतः असा नियम लिहिण्याची सोयच नसते.

नियम लिहून झाल्यावरची चाचणी त्याच घरातून करू नये. सार्वजनिक पत्ता वापरून आतून आतच परतणारी जोडणी अनेक राउटर हाताळत नाहीत, त्यामुळे व्यवस्था योग्य असूनही ती बिघडल्यासारखी भासते. वाय-फाय बंद करून वेगळ्या मोबाइल जोडणीवरून केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह असते.

सेवादात्याकडील नॅट

अनेक सेवादाते, विशेषतः मोबाइल कंपन्या, स्वतःच्या जाळ्यातही नॅट वापरतात. त्याला कॅरिअर-ग्रेड नॅट म्हणतात. वाड्याच्या उदाहरणात सांगायचे, तर अनेक वाड्यांच्या पेठेलाच एक पत्ता असतो आणि वेशीवरील नोंदवही वाड्याच्या मालकाच्या हाती नसते. या उपयोगासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही पत्तामालिका राखून ठेवण्यात आली.

ही स्थिती ओळखण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या बाह्य बाजूस दिसणारा पत्ता आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा आपला पत्ता ताडून पाहावा. दोन्ही सारखे असल्यास पोर्ट फॉरवर्डिंग उपयोगी पडू शकते. ते भिन्न असून राउटरवरील पत्ता वर दिलेल्या मालिकेतील किंवा खासगी मालिकेतील असेल, तर राउटरच्या पुढे आणखी एक नॅट आहे. ते सेवादात्याकडील असल्यास घरच्या राउटरवर कितीही नियम लिहिले तरी बाहेरची विनंती राउटरपर्यंत पोहोचत नाही.

भोर आणि वेल्ह्याचा संदर्भ

हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात सह्याद्रीच्या रांगांत वसलेले आहेत. मुंबई-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग भोर तालुक्याच्या पूर्व भागातून, नसरापूर व कापूरहोळ परिसरातून जातो. भोर शहर नीरा नदीकाठी आहे, तर वेल्हे गाव सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. महामार्ग आणि मोठ्या रस्त्यांलगत तार टाकणे तुलनेने सोपे असते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांपर्यंत मात्र डोंगरधारा ओलांडाव्या लागतात. मोबाइलच्या लहरींनाही डोंगर अडवतो. मनोरा आणि घर यांच्यामध्ये धार आली की संकेत क्षीण होतो.

खेळात जाणवणारा विलंब अंतरामुळे होतो, असा समज आढळतो. भोर आणि वेल्हे यांतील दोन खेळाडू वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राहक असले, तर त्यांच्यातील माहिती मुंबईसारख्या दूरच्या विनिमय केंद्रातून फिरून येऊ शकते. भोर-मुंबई-वेल्हे हा प्रवास सरळ रेषेत सुमारे २६० किलोमीटरचा भरतो. प्रकाशतंतूतून माहिती एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जाते. म्हणजे जाऊन येण्यास तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. प्रत्यक्ष तारेचा मार्ग याच्या दुप्पट धरला तरी आकडा लहानच राहतो. खरा विलंब क्षीण संकेतामुळे पुन्हा पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या माहितीत आणि सामायिक जोडणीवर लागणाऱ्या रांगेत होतो.

अपलोडचा वेग आणि रांग

सर्व्हरला डाउनलोडपेक्षा अपलोडची गरज अधिक असते, कारण खेळातील प्रत्येक बदल त्याला सर्व खेळाडूंना कळवावा लागतो. उदाहरणार्थ, सर्व्हर प्रत्येक खेळाडूला सेकंदाला २० वेळा, दर वेळी २०० बाइट माहिती पाठवतो असे मानू. आयपीव्ही४ व यूडीपी यांची शीर्षमाहिती २८ बाइट धरल्यास एका खेळाडूसाठी सेकंदाला सुमारे ३६ किलोबिट, तर दहा खेळाडूंसाठी सुमारे ३६५ किलोबिट लागतात. हा आकडा फार मोठा नाही. परंतु जोडणीचा अपलोड वेग १ एमबीपीएस असेल, तर एक तृतीयांशाहून अधिक क्षमता एकट्या खेळात जाते.

त्याच वेळी घरातील कोणी चित्रफीत पाठवू लागल्यास राउटरमध्ये माहितीची रांग लागते. रांगेत २५० किलोबाइट माहिती साचली असेल, तर १ एमबीपीएस वेगाने ती संपण्यास दोन सेकंद लागतात आणि खेळाची माहिती तेवढा वेळ अडकून पडते. राउटरमध्ये प्राधान्यक्रमाची सोय असल्यास ती वापरून किंवा मोठ्या अपलोडचा वेग मर्यादित ठेवून हा त्रास कमी करता येतो. भारतात २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेगावर आधारलेली आहे. त्यामुळे जोडणी निवडताना अपलोडचा वेग स्वतंत्रपणे विचारून घ्यावा लागतो.

पर्याय

सेवादात्याकडील नॅटमुळे थेट मार्ग बंद असल्यास पुढील पर्याय उरतात.

स्थानिक जाळे: सर्व खेळाडू एकाच घरात, शाळेत किंवा वाचनालयात असतील, तर इंटरनेटची आवश्यकता नसते. एका राउटरला जोडलेले संगणक खासगी पत्त्यांवरून एकमेकांशी थेट बोलू शकतात. संकेत नसलेल्या वस्तीतही ही पद्धत चालते. मात्र खेळाने सुरुवातीला खात्याची ऑनलाइन पडताळणी मागू नये.

सार्वजनिक पत्ता: काही सेवादाते मागणीनुसार, सहसा जादा शुल्क घेऊन, स्थिर सार्वजनिक पत्ता देतात.

आयपीव्ही६: या नियमावलीत पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि नॅटची गरज राहत नाही. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांपैकी आहे. तरीही राउटरची फायरवॉल उघडावी लागते, सेवादात्याने आत येणारी जोडणी अडवलेली नसावी लागते आणि खेळाडूंकडेही आयपीव्ही६ असावे लागते.

बोगदा: सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या संगणकाशी घरचा सर्व्हर स्वतःहून जोडणी करतो आणि खेळाडू त्या संगणकामार्फत आत येतात. पहिले पाऊल आतून पडल्यामुळे नॅट ही जोडणी अडवत नाही. नॅटमधील नोंद मिटू नये म्हणून ठरावीक काळाने लहान संदेश पाठवत राहावे लागते. वायरगार्ड या साधनात त्यासाठी २५ सेकंदांचा अवधी सुचवला जातो.

भाड्याचा सर्व्हर: खेळ पूर्णपणे माहिती केंद्रातील संगणकावर ठेवता येतो. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग २०१६ साली सुरू झाला. यात घरच्या अपलोडचा आणि खंडित वीजपुरवठ्याचा प्रश्न उरत नाही, पण दरमहा खर्च येतो.

सुरक्षितता

उघडलेला पोर्ट केवळ मित्रांसाठी उघडलेला नसतो. इंटरनेटवरील स्वयंचलित आज्ञावल्या सतत असे पोर्ट शोधत असतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' या आज्ञावली-संचातील गंभीर दोष उघड झाला तेव्हा माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे सर्व्हरही धोक्यात आले. जुळवून घेतलेला विशिष्ट मजकूर खेळातील गप्पांच्या चौकटीत लिहिणे हल्ल्यासाठी पुरेसे होते. त्यावरील उपाय १.१८.१ या आवृत्तीत देण्यात आला.

जोडणी सामायिक असल्यामुळे धोकाही सामायिक होतो. सर्व्हरचा संगणक हल्लेखोराच्या ताब्यात गेल्यास त्याच जाळ्यातील कुटुंबीयांचे फोन, कॅमेरे आणि बँक व्यवहारांसाठी वापरले जाणारे संगणक त्याच्या आवाक्यात येतात. म्हणून आवश्यक तेवढा एकच पोर्ट उघडावा, सर्व पोर्ट एकाच संगणकाकडे वळवणारी 'डीएमझेड' सोय टाळावी, सर्व्हर मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालवावा, प्रवेश ओळखीच्या खेळाडूंच्या यादीपुरता ठेवावा आणि खेळ संपल्यावर नियम बंद करावा. वीज अचानक गेल्यास खेळाची नोंद बिघडू नये म्हणून ती ठरावीक वेळाने आपोआप जतन होईल अशी व्यवस्था ठेवणे आणि तिची प्रत दुसरीकडे राखणे हितावह असते.

व्यापक महत्त्व

येथे वर्णन केलेली अडचण खेळापुरती मर्यादित नाही. शेतातील पंपाची स्थिती दूरवरून पाहणे, शाळेचे संकेतस्थळ शाळेतच चालवणे किंवा गावाच्या पर्जन्यमापकाची नोंद थेट उपलब्ध करून देणे, या प्रत्येक कामात बाहेरून आत येणारी वाट लागते. सेवादात्याच्या नॅटमागील वापरकर्ता इंटरनेटवरील सामग्री घेऊ शकतो. स्वतःची सेवा इतरांना देण्यासाठी मात्र त्याला बहुधा मध्यस्थाचा आधार घ्यावा लागतो. आयपीव्ही६ चा प्रसार आणि अपलोडची पुरेशी क्षमता या दोन गोष्टींवर ही मर्यादा किती लवकर दूर होईल हे अवलंबून आहे.