पाळण्यात बसण्याआधी

भिशीचा नंबर लागला, तेव्हा मी आणि माझी मैत्रीण खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला गेलो. संध्याकाळी दिवे लागले होते. उंच रुळांवरून सुसाट धावणाऱ्या गाडीच्या रांगेत आम्ही उभ्या राहिलो. पाटीवर लिहिलं होतं, गरोदर बायांनी बसू नये. मैत्रिणीने माझा हात दाबला. "घरी अजून सांगितलं नाही गं," ती हळूच म्हणाली. आम्ही रांग सोडली.

हा नियम कशासाठी? गाडी उतारावरून येते तेव्हा आपण जणू खाली पडतच असतो, म्हणून पोटात गोळा येतो. तळाशी येऊन ती पुन्हा वर वळते, तेव्हा अंगावर आपल्याच वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. वर झटके बसतात ते वेगळेच. अशा झटक्यांनी वार सुटण्याचा धोका असतो. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मणक्याचं दुखणं किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, तरी बसू नये.

जत्रेतल्या पाळण्यालाही हेच लागू. पदर, ओढणी घट्ट खोचा, वेणी वर बांधा. चाकात अडकली तर गळ्याला फास बसतो. पुढचा दांडा ओढून पाहा. पाळणा पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका. आणि सोबतिणी आग्रह करतात म्हणून भिडेपोटी चढू नका.

आम्ही दोघी बाकावर कणीस खात बसलो. ती आनंदाची बातमी सगळ्यांत आधी मला कळली. संध्याकाळ सार्थकी लागली.