'व्यसन' शब्दाविषयीं

'व्यसन' म्हणतांच आपणांस दारू, तंबाखू, फार तर जुगार आठवतो. कौटिल्यानें मात्र या शब्दाची फोड निराळी केली आहे: मनुष्यास त्याच्या श्रेयापासून दूर फेंकतें, तें व्यसन. म्हणूनच संस्कृतांत संकट असाहि त्याचा अर्थ होतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें टाळावयाचीं १८ व्यसनें आहेत. १० कामज व ८ क्रोधज. मद्य, द्यूत, मृगया हीं तींत आहेतच. पण दिवसाची झोंप, परनिंदा आणि रिकामी भटकंतीहि आहे! जेवणानंतर ओसरीवर लवंडणाऱ्या आम्हां मंडळींनीं ही यादी जपूनच वाचावी.

मराठी घरांत या शब्दाचा न्याय सरळ राहिला नाहीं. वडिलांची तपकीर ही 'संवय', थोरल्या चिरंजिवांचे पत्ते ही 'करमणूक', आणि धाकट्या सुनेनें रात्रीं पुस्तक उघडलें कीं तें मात्र 'वाचनाचें व्यसन'! भर्तृहरीनें विद्येचें व्यसन थोरांच्या गुणांत मोजिलें. तेंच माजघरांत दूषण कां व्हावें? आमच्याच घरीं अशा एका टोमण्यानें गेल्या पावसाळ्यांत एक पुस्तक महिनाभर मिटून पडलें होतें. तपकिरीची डबी एक दिवसहि मिटली नाहीं.