प्रादेशिक अनुशेष आणि निधीवाटपातील न्याय : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
शासकीय निधी प्रदेशांमध्ये कोणत्या निकषावर वाटावा, हा प्रश्न महाराष्ट्राच्या निर्मितीइतकाच जुना आहे. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे व मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरविण्याचे मान्य केले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली. मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली.

अनुशेषाची संकल्पना :
लोकसंख्येनुसार दिलेला निधी वरकरणी समान दिसतो. परंतु पूर्वीची तफावत त्याने भरून निघत नाही. म्हणून १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची पातळी राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली. सरासरीपेक्षा जेवढी उणीव, ती दूर करण्याचा खर्च म्हणजे अनुशेष. तो ३,१८६.७८ कोटी रुपये भरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, तर मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के होता. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर हा आकडा १४,००६.७७ कोटी रुपये काढला. मधल्या काळात किंमती व राज्याची सरासरी बदलल्याने दोन्ही आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. दोन्ही वेळी सिंचनाचा वाटा सर्वाधिक होता.

मर्यादा :
खारघर हे उपनगर आणि नंदुरबारमधील अक्कलकुवा हा आदिवासी तालुका दोन्ही ‘उर्वरित महाराष्ट्रा’तच मोडतात. प्रदेश हे एकक धरल्यास अंतर्गत विषमता झाकली जाते. शिवाय खारघरची उभारणी मुख्यतः सिडकोने जमीनविक्रीच्या उत्पन्नातून केली. असा खर्च अर्थसंकल्पीय वाटपाच्या सूत्राबाहेर राहतो. जेथे जमिनीला भाव नाही, तेथे हा मार्ग उपलब्ध नसतो. तिसरे असे की, निधीची तरतूद म्हणजे खर्च नव्हे आणि खर्च म्हणजे सुविधा नव्हे.

निष्कर्ष :
मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. तथापि केवळ मंडळांच्या अस्तित्वाने न्याय साधत नाही. तालुकानिहाय मोजमाप, अर्थसंकल्पाबाहेरील गुंतवणुकीची नोंद आणि प्रत्यक्ष निर्माण झालेल्या सुविधांची तपासणी, या तिन्ही गोष्टी झाल्या तरच ‘न्याय्य वाटप’ या घटनात्मक शब्दांना अर्थ प्राप्त होईल.