मुलास बालवीर पथकांत घालण्यापूर्वीं

जून महिन्याच्या अखेरीस शाळा उघडते, नवीं पुस्तकें घरीं येतात, आणि थोड्याच दिवसांत मुलगा हातांत एक कागद घेऊन आईबापांपुढें उभा राहतो. ‘मला स्काउटमध्यें जावयाचें आहे, येथें सही करा,’ एवढेंच त्याचें म्हणणें असतें. बाप कामाच्या घाईंत सही करतो, आई गणवेषास किती पैसे पडतील तें विचारते, आणि गोष्ट तेथेंच संपते. पुढें कांहीं महिन्यांनीं शिबिराची तारीख ठरते, मुलगा तीन दिवस घराबाहेर राहणार असें कळतें, आणि मग घरांत एकामागून एक प्रश्न उभे राहतात. कोठें नेणार? कोण नेणार? स्वयंपाक कोण करणार? जवळ नदी आहे कीं तलाव? हे प्रश्न योग्यच आहेत. फक्त ते सहीच्या अगोदर विचारावयाचे असतात. ते कोणते व त्यांचीं उत्तरें कशीं असावींत, हें आमच्या वाशिम जिल्ह्यांतील पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही चळवळ काय आहे तें पाहूं. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी नांवाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल या सेनापतीनें सुमारें वीस मुलांचें एक शिबिर भरविलें. कांहीं मुलें मोठ्या घराण्यांतील होतीं, कांहीं साध्या कष्टकऱ्यांचीं. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येक संघावर त्यांच्यांतीलच एक मुलगा नायक नेमला होता. मुलांची जबाबदारी मुलांनींच उचलावी, हा त्या शिबिराचा नवा विचार. आणि आजही या चळवळीचा प्राण तोच आहे.

आपल्या देशांत पहिलें पथक १९०९ सालीं बंगलोरास निघालें. परंतु तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेंच होतें. देशी मुलांस त्यांत प्रवेश नव्हता. तेव्हां अॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू अशा थोर मंडळींनीं आपल्या मुलांसाठीं हें काम हातीं घेतलें. वऱ्हाड ज्या प्रांतास जोडलेला होता त्या मध्यप्रांतांत नागपूरचे कायदेपंडित व पुढें सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस यांनीं या कार्यास वाहून घेतलें होतें. मुलींची चळवळ त्याच प्रांतांत जबलपूर येथें १९११ सालीं सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजीं, निरनिराळ्या बालवीर संस्था एकत्र होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था जन्मास आली व पुढल्या वर्षीं गाईडांची संस्थाही तिला मिळाली. जागतिक स्काउट संघटनेनें भारतांतून याच संस्थेस मान्यता दिली आहे. म्हणून पालकांचा पहिला प्रश्न हा असावा, कीं आपल्या शाळेंतील पथकाची या वर्षाची नोंदणी जिल्हा संस्थेकडे झाली आहे काय? सारखाच गणवेष व मिळतेंजुळतें नांव पाहून समाधान मानूं नये.

दुसरी गोष्ट अशी, कीं बालवीर पथक म्हणजे लष्कर नव्हे. येथें बंदूक नाहीं, लढाईचें शिक्षण नाहीं. १९४८ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना निराळी, आणि ही चळवळ निराळी. कवाईत येथेंही असते, पण ती भाजींतील मिठासारखी. खरें शिक्षण तें गांठी मारण्याचें, चूल पेटविण्याचें, नकाशा वाचण्याचें, जखम बांधण्याचें, आणि त्याहीपेक्षां सहासात सोबत्यांबरोबर भांडण न होऊं देतां राहण्याचें. दहा वर्षें पूर्ण झालेला मुलगा स्काउट होतो, मुलगी गाईड होते. त्याहून लहान मुलांसाठीं कब व बुलबुल, आणि मोठ्या तरुणांसाठीं रोव्हर व रेंजर हे विभाग आहेत. सहा ते आठ मुलांचा एक संघ, आणि अशा संघांचें एक पथक. संघनायक हाही तेरा-चौदा वर्षांचाच मुलगा असतो. त्याच्या हातीं खरें काम दिलें जातें. घरीं ज्यास पाण्याचा तांब्यासुद्धां आईनें आणून द्यावयाचा, तो येथें सात जणांच्या भाकरीचा विचार करतो.

आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. ती म्हणजे पाणी. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगानें पैनगंगा वाहते. अडाण, अरुणावती यांसारख्या नद्या आहेत. धरणें, तलाव व उघड्या विहिरी आहेत. आणि अलीकडे गांवोगांवीं शेततळीं झालीं आहेत. या शेततळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला म्हणजे तो इतका निसरडा होतो, कीं पोहतां येणाऱ्या मुलासही कांठावर चढतां येत नाहीं. शिबिराची जागा पाण्याजवळ असावी लागते, आणि मुलांस तर पाण्याची ओढ. असा हा पेंच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंतील पालकांच्या सभेस आम्ही हजर होतों. शिबिराची माहिती सांगून झाली, तेव्हां मागें बसलेली, पैनगंगेकांठच्या एका खेड्यांतील बाई उठली. ती म्हणाली, “गुरुजी, पानी किती खोल हाय थे मी इचारत नाही. पोरं मोजते कोन, थे सांगा.” सभेंत थोडें हसूं झालें. ती हसली नाहीं. तिच्या माहेरचा भाऊ लहानपणीं नदीनें नेला होता. बरोबर दहा पोरें होतीं आणि घरीं आल्यावर तीं नऊ भरलीं. वाटेंत कोणी मोजलेंच नव्हतें. पथकाच्या गुरुजींजवळ त्या प्रश्नास त्या वेळीं उत्तर नव्हतें. त्यांनीं तें प्रामाणिकपणें कबूल केलें, आणि शिबिरास निघण्यापूर्वीं मोजणीचा नियम लिहून तो प्रत्येक घरीं पाठविला.

त्या बाईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. या चळवळीच्या इतिहासानें तो मोठी किंमत देऊन शिकविला आहे. ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनच्या वॉलवर्थ भागांतील एक पथक होडींतून शिबिरास जात असतां, लेस्डाउन गांवाजवळ अकस्मात् वाऱ्याचा झोत येऊन होडी उलटली, आणि आठ बालवीर व त्यांच्याबरोबरचा आणखी एक मुलगा, असे नऊ जण बुडाले. होडींत मोठीं माणसेंही होतीं. मोठें माणूस बरोबर आहे एवढ्यानें पाणी कोणास सोडीत नाहीं, हा त्यांतील धडा आहे. म्हणून पालकांनीं स्पष्ट विचारावें: पाण्यांत उतरण्याची परवानगी कोण देणार? कांठावर पोहणारा माणूस व दोर तयार राहील काय? मुलें किती वेळां व कोण मोजणार? या प्रश्नांनीं जो रागावेल, त्याच्या हवालीं मूल करूं नये.

पथकाच्या नायकाविषयींही चौकशी करावी. शाळेंतील एक शिक्षक शिटी गळ्यांत अडकवून उभा राहिला, म्हणजे तो स्काउटमास्तर झाला असें नाहीं. त्यास संस्थेचें रीतसर शिक्षण घ्यावें लागतें. प्रथम प्राथमिक वर्ग, मग प्रगत वर्ग, आणि त्यापुढें ‘हिमालय वूड बॅज’ अशा पायऱ्या आहेत. ‘आपण कोणता वर्ग केला?’ असें नम्रपणें विचारण्यांत अपमान नाहीं. परीक्षाच पाहावयाची असेल तर आणखी एक प्रश्न सांगतों. ‘शिबिरांत मुलास साप चावला तर काय कराल?’ आमच्या रानांत नाग, मण्यार, घोणस व फुरसें आढळतात. जखम कापूं, रक्त चोखूं, वर घट्ट आवळून बांधूं, असें उत्तर आलें तर तें जुन्या पुस्तकांतील आहे. त्यानें अपायच होतो. मुलास धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये, मांत्रिकाकडे न नेतां ज्या दवाखान्यांत सर्पविषावरील लस आहे तेथें तत्काळ न्यावें, आणि तो दवाखाना कोठें आहे हें निघण्यापूर्वींच माहीत असावें, हें आजचें उत्तर होय. ‘तयार’ हें जें बालवीराचें ब्रीद, तें प्रथम त्याच्या गुरूस लागू आहे.

आणखी एक विषय बोलण्यास संकोच वाटतो, पण बोललाच पाहिजे. शिबिरांत दोन तरी प्रौढ माणसें असावींत. मुलींच्या शिबिरांत स्त्री-नायिका असलीच पाहिजे. आणि कोणत्याही प्रौढानें एकट्या मुलास वा मुलीस एकांतांत ठेवून घेऊं नये. मुलांचें लैंगिक अत्याचारापासून रक्षण करण्यासाठीं २०१२ सालीं स्वतंत्र कायदा झाला आहे, व संकटांत सांपडलेल्या मुलांकरितां १०९८ हा फुकट दूरध्वनि आहे. हा आंकडा मुलास पाठ असावा. त्याहून महत्त्वाचें असें, कीं घरीं येऊन त्यानें कांहींही सांगितलें तरी त्याचें ऐकून घेतलें जाईल, ही खात्री त्यास आईबापांनीं दिली पाहिजे.

आमच्या शाळेसारख्या शाळांतून पालकांच्या मनांत येणारी एक शंका अशी, कीं येथें मुलाच्या धर्मास कांहीं बाध तर येत नाहीं ना? त्यांनीं निश्चिंत राहावें. बालवीर जें वचन घेतो, त्यांत ईश्वर, देश व परोपकार यांविषयींचें कर्तव्य येतें. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजीं ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मोकळीक नियमांतच आहे. पूर्वीं त्यांत इंग्लंडच्या राजाविषयींची निष्ठाही होती व ती अनेक स्वाभिमानी घरांस बोचत असे. आतां तेथें केवळ आपला देश आहे. मात्र हें ध्यानांत धरावें, कीं संघांत एकाच चुलीवर भात शिजतो. पंगतींत शिवाशीव व जातपात यांस स्थान नाहीं. कोणी मांसाहार करीत नसेल, कोणाचा उपास असेल, तर तें आधीं कळवावें. त्याचा मान राखला जाईल. परंतु ‘आमच्या मुलास निराळें बसवा’ अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं सही न केलेली बरी.

आतां पैशाचें पाहूं. गणवेष, गळ्यांतील रुमाल, शिबिराची वर्गणी, प्रवासखर्च, हें सर्व वर्षारंभींच लिहून मागावें. सोयाबीन व कापूस घरांत आल्यावांचून ज्याच्या हातीं पैसा येत नाहीं, अशा शेतकऱ्यास ऐनवेळीं मागणी आली म्हणजे मुलाचें तोंड उतरतें. मोठ्या भावाचा गणवेष धाकट्यास चालतो. त्यांत कमीपणा नाहीं. शिवाय या संस्थेंत ‘खरी कमाई’ नांवाचा एक सुंदर उपक्रम आहे. मुलांनीं भिक्षा न मागतां श्रम करून, खाद्यपदार्थ वा हातच्या वस्तु विकून चार पैसे मिळवावे, असा त्याचा हेतु. त्या दिवशीं आईनेंच सगळे पदार्थ करून दिले व बापानेंच सगळे विकत घेतले, तर कमाई झाली, पण ती खरी झाली नाहीं. वेळेचाही विचार हवा. सोंगणी व वेचणीच्या दिवसांत खेड्यांतील मुलाचे हात घरीं लागतात. तेव्हां शिबिराची तारीख ठरवितांना पालकांनीं आपली अडचण मोकळेपणें सांगावी. वैशाखांतल्या आमच्या उन्हांत शिबिर नको. हिवाळा उत्तम, मात्र घोंगडी विसरूं नये.

इतके प्रश्न विचारून झाले, समाधान झालें, सही झाली, म्हणजे मग घराचें कर्तव्य सुरू होतें. पहिलें कर्तव्य असें, कीं मुलाची पिशवी आईनें भरूं नये. एका शिबिरांत रात्रीं पाऊस आला आणि एक मुलगा अंधारांत विजेरी शोधीत रडूं लागला. विजेरी त्याच्याच पिशवींत होती, पण ती कोठें ठेवली हें घरीं राहिलेल्या आईसच ठाऊक! दुसरें असें, कीं ‘प्रमाणपत्र कधीं मिळेल, गुण किती वाढतील?’ असें त्यास दर आठवड्यास विचारूं नये. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपति पुरस्कार ही कित्येक वर्षांची चढण आहे. गुणांचे नियम सरकार बदलील. चढण्यानें पायांत आलेलें बळ कोणी काढून घेऊं शकत नाहीं. तिसरें असें, कीं रोज एक सत्कृत्य करण्याचा बालवीराचा जो नेम, त्याचा आरंभ स्वतःच्या उंबरठ्याच्या आंत व्हावा. यात्रेंत परक्यांस पाणी पाजणारा मुलगा घरीं आजीस पाणी देत नसेल, तर त्याच्या छातीवरील बिल्ला खोटा आहे.

त्या पैनगंगेकांठच्या बाईची गोष्ट अर्धी राहिली. तिनें मुलास पाठविलें. पुढें दोन वर्षांनीं आम्हीं एका शिबिरास सायंकाळीं भेट दिली, तेव्हां मुलें तळ्याकडून परत येत होतीं. वाटेवरच्या बाभळीखालीं एक मुलगा उभा राहून आपल्या संघांतील एकेकाच्या खांद्यास हात लावून मोजीत होता. शेवटचा मुलगा येईपर्यंत तो जागचा हलला नाहीं. मग गुरुजींपुढें येऊन त्यानें वंदन केलें आणि म्हटलें, “सातांपैकीं सात, गुरुजी.” तो तिचाच मुलगा होता.

पालकांनीं विचारावयाचा प्रश्न हाच, आणि मुलानें शिकावयाचें उत्तरही हेंच. आईबापांनीं आरंभीं नीट चौकशी करावी, आणि एकदां खात्री पटली म्हणजे मुलास मोजणारा होऊं द्यावें.