विमानातली सफाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातून नियमित प्रवासी विमान उडत नाही. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या माणसाला विमान गाठायचं तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. त्यामुळे विमानतळावरच्या नोकऱ्यांबद्दल गावात जे बोललं जातं, ते बहुतेक ऐकीव असतं. कुणाला ही नोकरी म्हणजे थाटाची वाटते, तर कुणी ‘तिथं जाऊन झाडूच मारतो ना’ म्हणून नाक मुरडतं. दोन्हींमुळे नुकसान होतं ते दहावी-बारावी करून घराबाहेर पडू पाहणाऱ्या मुला-मुलींचं.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. मुंबई आणि पुण्यात आधीपासून काम होतंच. अशा वेळी ही नोकरी नेमकी कशी असते, हे घरात बसून शांतपणे समजून घेतलेलं बरं.

गैरसमज १ : विमान झाडायला काय अक्कल लागते?

वस्तुस्थिती : हे काम घड्याळाशी बांधलेलं आहे. देशांतर्गत मार्गावरचं छोटं जेट विमान, म्हणजे साधारण १८० सीटांचं, अनेकदा अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडायचं असतं. प्रवासी उतरणं, सफाई, तपासणी आणि नवे प्रवासी चढणं, सगळं त्याच वेळात. सफाईच्या वाट्याला त्यातली मोजकी मिनिटं येतात. म्हणून माणसं आधीच वाटून दिलेली असतात: सीटांचे खिसे एकाकडे, ट्रे पुसणं दुसऱ्याकडे, शौचालय तिसऱ्याकडे, गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर चौथ्याकडे.

एका सीटचंच काम पाहा. समोरच्या खिशात हात घालताना तो सरळ आत खुपसायचा नाही. आधी खिशाचं तोंड ओढून डोळ्यांनी बघायचं, कारण मधुमेहाच्या प्रवाशानं टोचून घेतलेली इन्सुलिनची सुई तिथं राहिलेली असू शकते. मग कचरा काढायचा, सुरक्षेचं माहितीपत्रक जागेवर आहे का पाहायचं, ट्रे उघडून पुसायचा आणि पट्ट्याची दोन टोकं सीटवर नीट मांडून ठेवायची. पट्टे मांडलेले दिसले की ती रांग झाली, हे मागून येणाऱ्याला न विचारता कळतं. रात्री मुक्कामाला थांबलेल्या विमानाची सफाई याहून खोल असते. तेव्हा गालिचा, सीटांमधल्या फटी, आतल्या भिंती असं सगळं हाताखालून जातं.

गैरसमज २ : ओळख असली की कुणालाही आत घेतात.

वस्तुस्थिती : विमानापर्यंत जाणारा प्रत्येक कामगार सुरक्षा यंत्रणेच्या चाळणीतून जातो. त्यासाठी विमानतळ प्रवेशपत्र लागतं, ज्याला कामगार नुसतं ‘पास’ म्हणतात. तो देशाच्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार मिळतो. त्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते आणि सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सिरसाळ्याचा पत्ता असेल तर चौकशी सिरसाळा पोलीस ठाण्यापर्यंत येऊ शकते. म्हणून भांडणाचा, मारामारीचा गुन्हा नोंदलेला असेल तर तो इथं आडवा येतो, ही गोष्ट गावातल्या पोरांनी आधीच लक्षात ठेवावी. आधारकार्डावर एक नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, असा घोळ असेल तर तोही निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा.

पास मिळाला तरी तो सगळीकडे चालत नाही. ज्या भागाची परवानगी त्यावर असेल तेवढंच आत जाता येतं, आणि प्रत्येक वेळी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तपासतात. नोकरी सुटली की पास परत करावा लागतो.

गैरसमज ३ : विमानात सापडेल ते आपलं.

वस्तुस्थिती : मोबाइल, पाकीट, दागिना, काहीही सापडलं तरी ते जागेवरच सुपरवायझरला दाखवून जमा करावं लागतं. घरी नेलेली छोटी वस्तूही चोरीच ठरते. पास जातो आणि गुन्हाही नोंदला जातो.

यापेक्षा मोठा धोका सोन्याचा आहे. परदेशातून आलेल्या विमानात शौचालयात किंवा सीटखाली दडवलेलं सोनं कस्टम्सनं पकडल्याची प्रकरणं मुंबईत वारंवार घडली आहेत. तस्करांना ते बाहेर काढायला आतला माणूस हवा असतो. विमानतळावर काम करणारे कर्मचारी अशा प्रकरणांत अटक झालेले आहेत. ‘फक्त एक पुडी बाहेर आणून दे’ असं कुणी म्हटलं, तर तो सरळ तुरुंगाचा रस्ता आहे. उलट, सीटखालचं जीवरक्षक जाकीट गायब आहे किंवा एखादं झाकण सैल दिसतंय, हे वेळेवर सांगणारा सफाई कामगार प्रवाशांच्या जिवाची राखण करत असतो.

गैरसमज ४ : विमानातली घाण आकाशातच सोडतात. नाहीतर ती सफाईवाल्याला हातानं काढावी लागते.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. विमानातलं शौचालय हवेच्या दाबातल्या फरकानं मैला खेचून बंद टाकीत नेतं. ती टाकी उडताना रिकामी करता येत नाही, कारण तिची झडप विमानाच्या बाहेरच्या अंगाला असते. विमान उतरल्यावर एक खास गाडी येते, पाइप जोडते आणि टाकी रिकामी करते. ते काम वेगळ्या माणसांचं असतं. आतला कामगार भांडं, वॉशबेसिन, आरसा आणि फरशी साफ करतो, कागद आणि साबण भरतो.

झडपेतून गळती झाली तर मात्र उंचावर गळणारं पाणी गोठून खाली पडू शकतं. दिल्ली विमानतळाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं घरावर मैला पडल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली होती. त्यावर डिसेंबर २०१६ मध्ये लवादानं आदेश दिला की उतरताना किंवा विमानतळाजवळ असं घडल्यास कंपनीकडून ५०,००० रुपये वसूल करावेत.

गैरसमज ५ : फिनाइल आणि पाणी असलं की झालं.

वस्तुस्थिती : विमानाच्या आत बाजारातलं कुठलंही रसायन चालत नाही. चुकीच्या द्रावणानं ॲल्युमिनियम गंजतं आणि सीटच्या कापडाचा आग रोखण्याचा गुण कमी होतो. म्हणून विमान बनवणाऱ्या कंपनीनं मान्य केलेली द्रव्यंच वापरतात, तीही सांगितलेल्या प्रमाणात. विजेची बटणं आणि स्क्रीन यांवर थेट फवारायचं नाही, फडकं ओलं करून पुसायचं. दाराच्या दांड्याला तर हातच लावायचा नाही. दार आणीबाणीसाठी सज्ज असताना तो ओढला गेला, तर संकटात प्रवाशांना खाली उतरवणारी घसरगुंडी क्षणात फुगून बाहेर पडते. त्यानं माणूस जखमी होऊ शकतो आणि विमान जागेवर अडकून पडतं.

गैरसमज ६ : विमानतळावर लागलं म्हणजे सरकारी नोकरी लागली.

वस्तुस्थिती : इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. बहुतेक सफाई कामगार विमान कंपनीचे नसतात आणि विमानतळाचेही नसतात. विमान जमिनीवर असताना लागणारी कामं करणाऱ्या, म्हणजे ग्राउंड हँडलिंगच्या कंपन्यांकडे किंवा त्यांच्या ठेकेदाराकडे ते असतात. ‘एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस’ ही सरकारी मालकीची कंपनी आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली तेव्हा ती सरकारकडेच राहिली. पण तिच्याही अशा जागा ठरावीक मुदतीच्या करारावर भरल्या जातात.

जुलै २०२४ मध्ये याच कंपनीनं मुंबईत २,२१६ हँडीमनच्या जागांसाठी कलिन्याला उमेदवार बोलावले, तेव्हा हजारोंची झुंबड उडाली. पात्रता होती दहावी पास. इंग्रजी वाचून समजणं आणि स्थानिक व हिंदी भाषेचं ज्ञानही हवं होतं. वयाची अट खुल्या गटाला २८ वर्षं. पगार महिना साडेबावीस हजारांच्या आसपास. विमानात सामान चढवणं-उतरवणं, सफाईसारखी हातांची कामं हा हँडीमनच करतो. हा पगार मुंबईत खोलीभाडं देऊन किती उरतो, याचा हिशेब जाण्याआधी करावा.

करार म्हणजे किती कच्चा धागा, हे मे २०२५ मध्ये दिसलं. केंद्र सरकारनं ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली आणि तिचं काम मुंबईतही थांबलं. कर्मचाऱ्यांना जुन्याच अटींवर नव्या कंपन्यांत सामावून घेऊ, असं विमानतळानं जाहीर केलं. तरी ज्याच्या हातात नियुक्तीपत्र आणि पगाराच्या पावत्या असतात, त्यालाच अशा वेळी आपली बाजू मांडता येते.

गैरसमज ७ : पैसे भरले की एजंट काम करून देतो.

वस्तुस्थिती : विमान कंपन्यांच्या नावानं खोटी पत्रं पाठवून प्रशिक्षणाचे, गणवेशाचे, ‘पासचे’ पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. विमान कंपन्या आपल्या संकेतस्थळावर सांगतात की आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या जाहिरातीत ५०० रुपये अर्जशुल्क होतं, पण ते कंपनीच्या नावे डिमांड ड्राफ्टनं भरायचं होतं. कुणाच्या फोन नंबरवर पैसे मागितले गेले की समजावं, ही फसवणूक आहे. ऊसतोडीला जाताना मुकादमाची उचल घ्यावी लागते आणि तिचा फास आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सोसला आहे. त्यातून सुटायचं म्हणून शहराकडे निघालेल्या पोरानं व्याजानं पैसे काढून एजंटला द्यावेत, यासारखं दुर्दैव नाही.

गैरसमज ८ : हे हलकं काम. मुलींनी तर करूच नये.

वस्तुस्थिती : सफाई म्हटली की जात आठवणारी नजर आपल्याकडे अजून गेलेली नाही. ती नजर चुकीची आहे, काम नव्हे. स्वस्त दरात उडवणाऱ्या अनेक कंपन्यांत दोन उड्डाणांमधला कचरा खुद्द केबिन क्रूच गोळा करतात. ज्यांचा रुबाब पाहून मुली हवाई सुंदरी व्हायचं स्वप्न बघतात, त्यांच्याच हातात कचऱ्याची पिशवी असते.

मुलींसाठीही इथं जागा निघतात. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या पुण्याच्या भरतीत हँडीवुमन हे पद वेगळं होतं. घरच्यांनी विचारायचं ते एवढंच की रात्रपाळीला ने-आण करायला गाडी आहे का आणि राहण्याची जागा सुरक्षित आहे का.

काम अंगमेहनतीचं आहे, हे मात्र लपवू नये. कंबर वाकवून एकामागून एक रांगा उरकाव्या लागतात. बाहेर इंजिनांचा आवाज, उन्हात तापलेलं डांबर आणि झोप मोडणाऱ्या पाळ्या असतात. हातमोजे आणि कानांचं संरक्षण मागून घ्यावं, कावीळ ‘बी’ची लस डॉक्टरांना विचारून टोचून घ्यावी.

गैरसमज ९ : एकदा झाडू हातात घेतला की तोच कायमचा.

वस्तुस्थिती : पुढची पायरी आहे, पण ती आपोआप येत नाही. दहावीसोबत अवजड वाहनाचा परवाना असेल तर रॅम्प ड्रायव्हरच्या, म्हणजे विमानाभोवतीच्या गाड्या चालवणाऱ्याच्या जागेला अर्ज करता येतो. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्याला त्याच्या वरची पदं खुली होतात. सिरसाळ्यात ट्रॅक्टर चालवणारी पोरं कमी नाहीत. पण ट्रॅक्टरचा परवाना इथं चालत नाही, अवजड वाहनाचा वेगळा काढावा लागतो. फुकट विमानप्रवासाची आशा मात्र धरू नये. ती सवलत विमान कंपन्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना देतात.

गाव सोडण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर मागाव्यात : नियुक्तीपत्र कोणत्या कंपनीचं, करार किती वर्षांचा, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक कधी मिळणार, आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड कधी. याची सरळ उत्तरं मिळाली तर पोरांना बिनघोर जाऊ द्यावं आणि ती काय काम करतात, हे गावात मान वर करून सांगावं. उत्तरं टाळली गेली, तर ती नोकरी कितीही चकचकीत दिसो, तिच्यासाठी घरातलं सोनं गहाण ठेवू नये.