न दिसणारा घाम

6 जुलै 2024 रोजी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानातून सहा जण मोटारसायकलींवरून चालले होते. तापमान होते 53 अंश सेल्सिअस. समुद्रसपाटीपेक्षा 86 मीटर खोल असलेल्या बॅडवॉटर बेसिनच्या परिसरात त्यांच्यातील एकाचा उष्माघाताने मृत्यू झाला आणि आणखी एकाला लास वेगासच्या रुग्णालयात हलवावे लागले. मदतीला हेलिकॉप्टर येऊ शकले नाही. साधारण 49 अंशांपुढे हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला सुरक्षित उड्डाण करणे अवघड जाते.

मोटारसायकलवर वारा लागतो, मग अंग थंड राहायला नको का? आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून थंड असली तरच वारा अंगातली उष्णता काढून घेतो. 53 अंशांचा वारा उलट उष्णता आणून देतो. भट्टीसमोर पंखा लावावा तसा हा प्रकार. त्यात जाकीट, हेल्मेट, बूट. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. उपाय नामी आहे, पण त्यासाठी पाणी खर्च होते, आणि वाळवंटात हा खर्च कळत नाही.

मुंबईकराला घाम म्हणजे ओला सदरा ठाऊक असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. वाळवंटात तो त्वचेवर येताच उडून जातो. कपडे कोरडे, कपाळ कोरडे, त्यामुळे ‘आपल्याला काही घाम आलेला नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात भर उन्हात चालणाऱ्याच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी सहज जात असते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यातील लोकांना हे सांगावे लागणार नाही. पण भाड्याची गाडी घेऊन लास वेगासहून झायन, ग्रँड कॅनियन, आर्चेस अशी फेरी एकट्याने मारायला निघालेल्या पाहुण्याला ते ठाऊक असेलच असे नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या यादीतही हा रस्ता हल्ली असतोच.

ग्रँड कॅनियनमध्ये आणखी एक फसगत होते. राजगड किंवा तोरणा चढताना दमलेला माणूस अर्ध्यातून मागे फिरतो, उतरणे सोपे असते. तिथे सगळे उलटे. सकाळच्या गारव्यात पावले आपोआप खाली पळतात. दर 300 मीटरला तापमान साधारण तीन अंशांनी वाढत जाते आणि उन्हाळ्यात तळाशी ते 40च्या बरेच पुढे जाते. दक्षिण काठापासून नदीपर्यंतचा उतार जवळपास दीड किलोमीटरचा. म्हणजे चढायची वेळ येते तेव्हा दुपार झालेली असते, पाय थकलेले असतात आणि पाणी संपत आलेले असते. उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत दरीत चालू नका, असे उद्यानाचे कर्मचारी वारंवार बजावतात ते यासाठीच.

मग भरपूर पाणी प्यावे, एवढेच का? नाही, आणि नेमके हेच अनेकांना माहीत नसते. घामाबरोबर मीठही जाते. तासन्‌तास नुसते पाणी पीत राहिले आणि पोटात काही खारट गेले नाही, तर रक्तातील सोडियम कमी होते. त्याला ‘हायपोनॅट्रीमिया’ म्हणतात. सोडियम फार उतरले की मेंदूच्या पेशींना सूज येते. झटके येऊन जीवही जाऊ शकतो. ग्रँड कॅनियनमध्ये चालणाऱ्यांमध्ये असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. पंचाईत अशी की डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणे दोन्हींत सारखीच. पाणी कमी पडलेल्याला पाणी हवे, सोडियम उतरलेल्याला आणखी पाणी घातक. त्यामुळे पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, वेफर्स किंवा मीठ-साखरेचे सरबत अधूनमधून पोटात जायला हवे. कोणत्याही दवाखान्यात मिळणारी ‘ओआरएस’ची पुडी इथेही कामाची.

एकट्या प्रवाशाचा खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. उष्माघात, म्हणजे शरीराचे तापमान 40 अंशांपुढे जाणे, थेट मेंदूवर आघात करतो. माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो, चुकीचे निर्णय घेतो, आणि आपण ठीक आहोत असे त्याला ठामपणे वाटते. सोबत कोणी असेल तर त्याच्या ते लक्षात येते. एकटा असेल तर ज्या मेंदूने धोका ओळखायचा तोच बिघडलेला. म्हणून ‘किती वाजता मागे फिरायचे’ आणि ‘किती पाणी उरल्यावर पुढे जायचे नाही’ हे डोके शांत असताना, गाडीतच ठरवावे, कागदावर लिहावे आणि नंतर त्यावर स्वतःशी वाद घालू नये.

चिंचोळ्या घळींत तर ऊन नसले तरी भरवसा नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातील अँटेलोप कॅनियनमध्ये अचानक लोंढा येऊन 11 पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला. पावसाळ्यात सांधण दरीत का उतरू देत नाहीत, हे ज्यांना कळते त्यांना हेही कळेल.

2003च्या एप्रिलमध्ये युटातील ब्लू जॉन कॅनियनमध्ये ॲरन राल्स्टन या तरुणाचा उजवा हात निसटलेल्या शिळेखाली अडकला. तो एकटाच होता आणि आपण कुठे चाललो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. पाच दिवसांहून अधिक काळ अडकून राहिल्यावर त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. ए. आर. रहमान यांचे संगीत असलेला ‘127 अवर्स’ (2010) हा चित्रपट त्याच्यावरच बेतलेला आहे.

या भागात मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नसते. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नये. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते आणि तिच्या सावलीत बसता येते. मात्र एसी बंद असलेल्या गाडीच्या आत बसू नये, ती काही मिनिटांतच बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. निघण्यापूर्वी घरच्यांना किंवा मित्राला रस्ता, मुक्काम, गाडीचा क्रमांक आणि परतण्याची वेळ कळवावी. शिवाय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवायचे, तो नेमका तासही.